भिंगरीआत्याचं मागचं चाक

आमच्या आत्याला बसलेली कोणी पाहिलेली नाही. जेवते ती ओट्याला टेकून, फोनवर बोलते ती खोलीच्या चारी भिंती मोजत, आणि समोरचा वाक्याच्या मध्यावर पोचायच्या आत तिचं "हं, कळलं, पुढे" होऊन गेलेलं असतं. घरात तिला भिंगरी म्हणतात. पेशंट म्हणतात काठीवाल्या ताई. पाय मोडलेल्या, अंग लुळं पडलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या मापाच्या काठ्या, कुबड्या, वॉकर बसवून देणं हे तिचं काम. दिवसाला नऊ-दहा घरं, सगळी मोटारसायकलवर.

ती मोटारसायकल तिने तीन वर्षांपूर्वी एका हौशी फोटोग्राफरकडून जुनी घेतली. चालू लागली की मागून खर्र-खर्र असा बारीक आवाज यायचा. आतोबा लायब्ररीत काम करतात आणि बोलतानाही पान उलटल्यासारखे थांबतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हा आवाज... कसला गं? आत्या म्हणाली, काही नाही, तिचा घसाच तसा आहे.

यंदा ती जिथे काम करते त्या संस्थेने नवा नियम काढला. फिरतीवरच्या प्रत्येक गाडीची तपासणी, शेवटची वेळ शनिवारी चार. पास झाली नाही तर तीन महिने नोंदणीच्या टेबलावर. म्हणजे खुर्ची. आठ तास. आत्याने नोटीस तीनदा वाचली, तिन्ही वेळा उभ्याने, आणि म्हणाली की यापेक्षा मला कपाटात घालून कुलूप लावा. कारण मागचा टायर इतका गुळगुळीत झाला होता की हात फिरवला तर अंडं वाटावं.

शनिवारी एकला काम उरकून ती घरी आली, गाडीशेजारी वाकली, जुन्या टायरवरचा आकडा वाचला आणि पेनने तळहातावर लिहिला: १२०/८०-१७. आतोबा गाडीची पुस्तिका काढायला उठले. आधी चष्मा शोधला, मग कपाटाची किल्ली. "अगं, त्यात छापलेलं..." इथवर ते आले तेव्हा आत्या कोपऱ्यावरून वळली होती.

पहिल्या दुकानात तो टायर नव्हता. तिथला पोरगेला मालक म्हणाला की ताई, एकशेतीसचा घ्या, रुंद टायर म्हणजे रुबाब, मागून बघणारा बघतच राहतो. आत्या म्हणाली, माझ्या मागे बघायला कोणी उरत नाही, आणि निघाली. दुसऱ्या दुकानात मालक जेवत होता. तो घास चावत राहिला, ही काउंटरवर किल्ली वाजवत राहिली. शेवटी पाणी पिऊन तो म्हणाला, मंगळवारी येईल.

तिसरं दुकान गल्लीच्या टोकाला. पावणेतीन वाजले होते. तिथला टायरवाला म्हातारा गिऱ्हाइकाशी बोलतच नाही, चाकाशी बोलतो. आत्याने तळहात त्याच्या नाकासमोर धरला. त्याने तो हात बाजूला केला, उकिडवा बसला, टायर आणि चेनकव्हरच्या मध्ये बोट घालून बघितलं. बोट जाईना. चाक फिरवलं. खर्र.

"कोण गं तुला घासतंय?" त्याने चेनकव्हरला विचारलं.

आत्या म्हणाली की काका, आहे तोच आकडा घाला, मला चारला पोचायचंय.

"हा आकडा या टायरचा आहे," तो चाकालाच म्हणाला, "गाडीचा नाही."

मग तो चेनकव्हरवरचं संस्थेचं गोल स्टिकर नखाने खरवडू लागला. ते आत्याने स्वतः चिकटवलेलं, त्यामुळे निघता निघेना. तिची एक टाच जमिनीवर टपटपत होती. खाली कंपनीची जुनी पट्टी निघाली. मागचं चाक: १००/९०-१७. म्हाताऱ्याने चाकाला सगळं समजावून सांगितलं. पहिला आकडा रुंदीचा. तुझी रिम अरुंद, तुला कोणीतरी रुबाबासाठी जाडा टायर कोंबला, तो मध्ये फुगला, मधेच झिजला आणि इतकी वर्षं इथे घासत राहिला.

बारीक टायर माझं वजन पेलेल का, असं आत्याने विचारून पाहिलं. कंपनीने दोन माणसं धरूनच आकडा दिलाय, म्हातारा म्हणाला. या वेळी तिच्याकडे बघून.

आत्याने तळहातावरच्या आकड्याकडे पाहिलं. हेच तर ती रोज नऊ घरी सांगते. पेशंट घरातली जुनी कुबडी पुढे करून म्हणतो, अश्शीच द्या. ती म्हणते, कुबडी नका दाखवू, उभे राहा, मला माणूस मोजायचाय.

टायर उतरेपर्यंत ती तिथल्या स्टुलावर बसली. हो, बसली. तिनेच सांगितलं, अर्थात उभ्याने. आणि बसल्यावर तिला तिचे एक पेशंट, ड्रॉइंग मास्तर, आठवले. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे ती घाईत होती. मास्तरांकडे भावाच्या कुबड्या होत्या, ते म्हणाले, याच बऱ्या आहेत. हिने फक्त खालची रबरं बदलली. नंतर दोनदा त्यांचा फोन आला की काखेत फार दुखतं. ही म्हणाली, सवय होईल.

चारला दहा कमी असताना ती तपासणीला पोचली. साहेबांनी फॉर्मवरचा आकडा आणि टायरवरचा आकडा बोट ठेवून जुळवला, नवीन खाचांतून अंगठा फिरवला, शिक्का मारला आणि म्हणाले, आता आरामात घरी जा ताई.

गाडी आवाजच करीना. काही गळून पडलं की काय म्हणून आत्या रस्त्यात दोनदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा आतोबांचा फोन आला. पुस्तिका सापडली होती. "हे बघ... मागचं चाक... शंभर..."

"हं, कळलं. मला उशीर होईल."

मास्तर कुबड्या सावरत दारापर्यंत आले. शनिवारी संध्याकाळच्या कशा काय ताई, म्हणाले. आत्याने चप्पल काढायच्या आधी पिशवीतून मापाची टेप काढली.

"कुबड्या भिंतीला लावून ठेवा," ती म्हणाली, "आणि माझ्या खांद्याला धरून उभे राहा."