काकीच्या चुलीवरची कॅसेट

माझा धाकटा भाऊ संगणकावर जे संगीत करायचा, त्याला आमच्या महाडच्या गल्लीत कुणी संगीत म्हणत नसे. ना तबला, ना शब्द. एक सूर सुरू व्हायचा आणि चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत तोच चालू असायचा. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यांनी एकदा खिडकीतून विचारलं, "गाणं सुरू कधी होणार? वाजवणारे अजून आले नाहीत काय?"

"हेच गाणं आहे, काका."

"मग आमचा फ्रीज मोठा गवई निघाला की रे!"

भाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी मायक्रोफोन घेऊन फिरायचा. दासगावला होडीचं वल्हं, घाटात गिअर बदलणारी एसटी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावी भात कांडण्याचा आवाज. हे सगळं संगणकात घालून तो लांबवायचा, पातळ करायचा. मूळ आवाज ओळखू यायचा नाही, पण काहीतरी ओळखीचं आहे एवढं कळायचं. एकदा ऐकताना मला उगाचच भूक लागली. विचारलं तर म्हणाला, "गावच्या स्वयंपाकघराच्या दाराची कडी आहे ती."

असे आठ-नऊ तुकडे जोडून त्याला गावच्या घराचा एक अल्बम करायचा होता. शेवटचा तुकडा त्याने मोकळा ठेवला होता. तो आईसाठी.

आई गेली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. मी शाळेत जात होते, म्हणून माझ्याकडे आई थोडीफार आहे. त्याच्याकडे काहीच नाही. तो मला अधूनमधून विचारायचा, "ताई, आवाज कसा होता तिचा?" मी सांगायची, "जरा जाडसर." याच्यापुढे मला काही सांगता येत नसे. पदार्थाची कृती सांगता येते, आवाजाची कशी सांगणार?

त्या हिवाळ्यात तो गावी काकीकडे गेला आणि संध्याकाळी धापा टाकत परत आला. काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिने चुलीवर बांबूची ताटी टांगलेली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात जे जे जपायचं ते त्या ताटीवर जातं: बियाणं, सुकट, काड्यापेट्या, मीठ. त्या सगळ्यात त्याला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक कॅसेट दिसली होती.

"ती कसली, विचारलं, तर म्हणाली, तुझ्या आईने मुंबईला बाबांना पाठवलेली. बाबांच्या ट्रंकेतून परत आलेली. ताई, इतकी वर्षं ती तिथे आहे!"

"दिली का तिने?"

"नाही. म्हणाली, गेलेल्या माणसाचा आवाज घरात लावू नये."

मी पुढच्या रविवारी स्वतः गेले. काकी भाकऱ्या थापत होती. मी तिला समजावलं, की दमटपणा लागू नये म्हणून तू ती धुरावर ठेवलीस, पण कॅसेट म्हणजे बियाणं नव्हे. उष्णतेने तिची पेटी वाकली आहे. अजून दोन पावसाळे गेले तर आतून काहीच निघणार नाही. काकीने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "लावायची तर माझ्या म्होरं लावायची. मी नसताना नाय."

मोटारीत बसलं की काकीला उलट्या होतात. महाडला ती दवाखान्याशिवाय येत नसे. तरीही तिचा हट्ट मला म्हातारपणाचा वाटला. मी हो म्हणून टाकलं आणि कॅसेट घेऊन आले.

तयारी मी माझ्या पद्धतीने केली. भावाने कॅसेट उघडून पाहिली, तर फितीवर चिकट थर होता आणि वेटोळी एकमेकांना धरून बसली होती. ती फीत चांगल्या पेटीत घालायची, हळूहळू सोडवायची, टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसायचं आणि वायर संगणकाला जोडायची. वाजवताना तुटली तर तुटली. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नव्हती. त्यात विजेचा प्रश्न. तेव्हा भारनियमन होतं आणि दिलेल्या वेळा कुणी पाळत नसे. मध्येच वीज गेली तर फीत हेडला चिकटून बसेल, सोडवताना फाटेल, आणि संगणकातलं रेकॉर्डिंगही जाईल. म्हणून रविवारची सकाळ ठरवली. वीज कचेरीत ओळखीच्या बाईंना विचारून ठेवलं, फोनचा रिसीव्हर काढून ठेवला, शेजारच्यांना मिक्सर लावू नका म्हणून सांगितलं.

काकी आदल्या दिवशीच येऊन राहिली. रात्री ती जेवली नाही. सकाळी संगणकासमोर खुर्ची दिली तर म्हणाली, "मी खालीच बरी," आणि भिंतीला टेकून बसली.

भावाने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग फीत ओढल्यासारखा एक आवाज आला आणि भावाने माझं मनगट पकडलं. फीत फिरत राहिली. कोंबडा, भांडं, कुणाचं तरी खोकणं. आणि मग एक तरुण, खणखणीत बाईचा आवाज.

"भावजी, ऐकताव ना? तुमची बायको म्हनते का, गाय व्याली. पाडी झालीय!"

भाऊ माझ्याकडे वळला. "आई?"

मी नकाराची मान हलवली. आवाज काकीचा होता. 

"भावजी, म्हनते का, पोराला दात आला. चावतो मेला, तुमच्यासारखाच!" त्यावर मागे कुणीतरी हसलं.

काकी खालमानेने म्हणाली, "सासरे बसलेले, तिचे थोरले दीर बसलेले, शेजारचीबी सगळी. तेंच्या म्होरं ती नवऱ्याशी बोलनार कशी? ती माझ्या कानात सांगायची, मी मशिनीला सांगायची."

मला तेव्हा कळलं. आईचं पत्र म्हणून गेलेली ती कॅसेट सगळीच्या सगळी काकीच्या आवाजात होती. दिराची थट्टा करायला भावजयीला मोकळीक होती. आईला नव्हती. भावाचा चेहरा पाहवेना. तो पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे नुसता पाहत होता. फीत मध्ये मध्ये अडखळत होती, आणि काकीचा आवाज मधेच जाड, मधेच बारीक होत होता. पण ती तुटली नाही. शेवटी खट्ट झालं आणि थांबली. भावाने सगळ्यात आधी ते संगणकात साठवलं, मगच श्वास सोडला.

"थांब," तो म्हणाला. "काकी, तू बोलायच्या आधी दर वेळी काहीतरी आहे."

त्याने हेडफोन लावला. काकीच्या प्रत्येक वाक्याआधीचा तुकडा वेगळा काढला, खरखर कमी केली, आवाज वाढवला. आम्ही दोघी त्याच्या पाठीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने तो एकाच तुकड्यावर परत परत जाऊ लागला. त्याने हेडफोन काढून मला दिला. 

कुजबुज होती. "सांगा ना, पाडी झाली." जरा जाडसर.

मी त्याला म्हटलं, "हो. हीच."

काकी उठली. "झालं ना? ऐकलास ना आवाज? मग बंद कर आता. मला दुपारची गाडी गाठायची हाय."

"अजून एक आहे, काकी. शेवटचा."

"तो नको."

तिने हे इतक्या पटकन म्हटलं की आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. भावाने हेडफोनची वायर काढली. तुकडा स्पीकरवर लागला. आधी कुजबुज: "सांगा, मला बरं नाय. सांगा, सुट्टी काढून या." मग काहीच नाही. मग कुणीतरी घसा साफ केला, पुरुषाने. आणि काकीचा खणखणीत आवाज: "आणि भावजी, इकडं सगळी बरी हायत! काय काळजी करू नका!"

बाबा शिमग्याला आले तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. त्यानंतरचा पावसाळा तिने पाहिला नाही. एवढं मला माहीत होतं. तिने आधीच बोलावलं होतं, हे माहीत नव्हतं.

काकी पुन्हा खाली बसली. "सासऱ्यांनी घसा साफ केला, नको म्हणून हात हलवला," ती म्हणाली. "असा. मुंबईच्या मानसाला वायट काय कळवायचं नाय, अशी रीत होती. तो थितं काय करनार? नोकरी टाकून धावनार. मग खानार काय? मला वाटलं, ताप हाय, उतरंल." तिने पदराने तोंड पुसलं. "ती माझ्याकडं बघीत राह्यली."

मला राग आला होता, हे लपवत नाही. पण कोणावर, ते ठरवता येईना. आजोबा गेलेले, बाबा गेलेले. समोर होती ती ही एकच. आणि तीही तेव्हा पंचवीस-तिशीची असणार. 

भावाने माऊसवर हात ठेवला. मग पडद्याकडे पाहतच म्हणाला, "काकी, मला नुसती तिची कुजबुज ठेवता येईल. तुझा आवाज काढतो. कुणाला कळणार नाही."

"माझा काडलास तर ती बोलते कुनाशी?"

त्याने माऊसवरचा हात काढला.

"परत लाव," काकी म्हणाली. "त्योच."

त्याने लावला. आईने सांगितलं, मला बरं नाय, सुट्टी काढून या. घसा साफ झाला. तिथे काकीने हात वर केला आणि भावाने थांबवलं. काकी पुढे सरकून स्पीकरच्या जवळ बसली, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि ऐकणारा फार लांब असल्यासारखी मोठ्याने म्हणाली,

"भावजी, तिला बरं नाय. सुट्टी काढून या."