निळं पिंप आणि धुरातल्या मुड्या

सायवनच्या पुढे रस्ता डोंगराला लागतो, तिथे खडकीपाडा. घरं मोजून बत्तीस. या बत्तीस घरांत भाताच्या बियाण्याची पारख करावी तर ती शुक्रीनेच. दाणा दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट्‌कन तुटला तर बी वाळलं, मऊ लागला तर अजून ऊन हवं. शाळेत ती जेमतेम दोन पावसाळे गेली, पुढची वीस वर्षं घोलवडच्या चिकूवाड्यांत मजुरी केली. पण तिची दाढ काय म्हणते ते विचारायला शेजारच्या पाड्यांवरूनही माणसं यायची.

म्हणून डहाणूच्या संस्थेतल्या सुधाताईंनी पाड्यावर बियाणे बँक काढायचं ठरवलं, तेव्हा राखणदार कोण यावर चर्चाच झाली नाही. बँक कसली, तर शुक्रीच्या ओटीवर ठेवलेलं एक निळं प्लास्टिकचं पिंप, घट्ट झाकणाचं. त्यात ठेवायचं होतं काळकुसळी भात. उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीत, दसऱ्याच्या आत तयार होणारं हे एकच भात. कुसळं अशी काटेरी की रानडुक्करही तोंड लावत नाही. बाजारात ते मिळत नाही. पाड्यावरचं बी गेलं की गेलंच.

कार्तिकात बैठक झाली. सुधाताईंनी विचारलं, "सगळ्यांनी आपापलं सगळं बी आणलंय ना? घरी उंदीर खातात, इथे सुरक्षित राहील." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. शुक्रीने स्वतःच्या घरचा शेवटचा दाणासुद्धा झाडून आणला होता. राखणदारणीनेच मागे ठेवलं तर बाकीच्यांनी का द्यावं, असा तिचा सरळ हिशेब.

आता खरी चूक सांगतो. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला आणि भात दोनच दिवस वाळलं. तिसऱ्या दिवशी संस्थेचे मोठे पाहुणे पिंप बघायला यायचे होते. त्या सकाळी शुक्रीने दाणा चावला. मऊ लागला. दाढेने स्पष्ट सांगितलं, नको. पण दारात तोरण लागलेलं, सुधाताईंनी तारीख दिलेली, आणि खरं सांगायचं तर शुक्रीलाही भरलेल्या पिंपाजवळ उभं राहून फोटो काढून घ्यायचा होता. आयुष्यात कुणी तिचा एकटीचा फोटो काढला नव्हता. ती म्हणाली, "चालंल." पिंप भरलं, झाकण बसलं, फोटो निघाला. फोटोत ती फार छान दिसते.

वैशाखात राब, म्हणजे रोपांचे वाफे, भाजून झाले. सुधाताईंनी शिकवलं होतं तसं शुक्रीने पिंपातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले. पाचव्या दिवशी फडकं उघडलं. चार दाण्यांना कोंब होते. बाकीचे काळपट, आंबूस वासाचे. तिने दुसरं फडकं केलं, मग तिसरं. तिसऱ्यात तर दोनच उगवले. बत्तीस घरांचं बी तिच्या ओटीवर बसल्या जागी मेलं होतं.

दोन दिवस तिने चूल पेटवली ती नुसती सवयीने. नवरा लक्ष्या स्वभावाने सोपा माणूस. तो म्हणाला, "उंदरानं खाल्ला म्हणून सांग."

"झाकणाच्या पिंपात उंदीर कुठून शिरंल?" शुक्री ओरडली. "खोटा तरी नीट बोल!"

मग तिने फोन लावला. सुधाताई दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "शुक्रीबाई, तारीख मी ठरवली होती. बैठकीत मी सांगते. चूक माझी आहे."

"तारीख तुमची," शुक्री म्हणाली, "पण दाढ माझी होती ना ताई. तिनं सांगितलेलं मी ऐकलं नाय. मीच सांगन."

मोहाच्या झाडाखाली बायका जमल्या. शुक्रीने तिन्ही फडकी सगळ्यांसमोर पसरली आणि काही न लपवता सांगितलं: भात ओलं होतं, मला माहीत होतं, फोटोच्या हौसेपायी मी चालंल म्हटलं. "यंदा तुमच्या वरकसात काय पेराल, माना माहीत नाय," असं म्हणून ती खाली बसली.

आता शिव्या येतील, त्या घ्यायच्या, असं तिने ठरवलं होतं. मग तानी उठली. तानी म्हणजे पाड्यावरची सगळ्यात तिखट जिभेची म्हातारी. पदर झटकून ती सरळ घराकडे चालू लागली. तिच्या मागून जमना उठली. मग आणखी दोघी. बघता बघता झाडाखाली फक्त शुक्री आणि सुधाताई उरल्या.

"जाऊ द्या," शुक्री म्हणाली. "त्यांचा बरोबर हाय." आणि ती पदरात तोंड घालून रडली. तिला वाटलं, आता या पाड्यावर आपल्याला कुणी दाणा चावायला देणार नाही.

अर्ध्या तासाने तानी परत आली. काखेत पेंढ्यात घट्ट बांधलेली बियाण्याची मुडी, चुलीच्या धुराने काळीकुट्ट झालेली. ती तिने शुक्रीच्या पुढ्यात धप्पकन टाकली. जमनाने दुसरी टाकली. मग एकेक जण येत गेली. कुणाची मुडी नारळाएवढी, कुणाची मुलाच्या डोक्याएवढी. वरच्या आळीतली शितल तर दोन घेऊन आली. सगळ्यांत काळकुसळी. सगळ्यांच्या चुलीवरच्या आढ्याला टांगून धगीत वाळलेलं, सगळ्यांनी सगळ्यांपासून लपवलेलं.

सुधाताई बघतच राहिल्या. "पण तुम्ही तर सगळं दिलं म्हणून माना डोलावल्या होत्या!"

"पाहुण्याला नाय कसा म्हणायचा?" जमना खाली बघत म्हणाली.

शुक्रीचे डोळे अजून ओले होते, पण आता तिला रागच आला. "म्हणजे तुमचा माझ्यावर इश्वास नव्हता? एकीचाही?"

"तुझ्यावर होता गे," तानी म्हणाली. "पिंपावर नव्हता. माझी सासू सांगायची, बी दुसऱ्याच्या घरी ठेवावा, पण सगळा ठेवू नाय. घर जळतं, पाणी शिरतं, शहाणी बाई पण कधी येडी होते. तुझी पाळी यंदा होती."

यावर शितल फिस्सकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. शुक्री एका डोळ्याने रडत आणि एका डोळ्याने हसत एकेक मुडी सोडत गेली, दाणा दाढेखाली धरत गेली. कट्. कट्. कट्. फडकी पुन्हा ओली झाली आणि पाचव्या दिवशी शंभरातले त्र्याण्णव दाणे उगवले. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ती दुपारी जेवून जी झोपली ती दिवे लागायच्या वेळेला उठली.

राबात पेरायला प्रत्येकीजवळ थोडं का होईना बी होतं. नव्हतं ते एका शुक्रीकडे, कारण सगळं खरोखर दिलेली ती एकटीच. तिच्या सुपात मग प्रत्येक घराने मूठ-मूठ टाकली, आणि त्या वर्षी तिच्या उतारावर एकतीस घरांचं भात एकत्र उभं राहिलं.

पुढच्या कार्तिकात पिंप पुन्हा भरलं. या खेपेला भात सहा दिवस वाळलं आणि पाहुण्यांना बोलावलंच नाही. सुधाताईंनी भिंतीवर पहिला नियम लिहिला: आधी घरची मुडी, मग पिंप. एकेक बाई बी ओतायला आली की शुक्री विचारायची, "घरी ठेवलास ना?" ती बाई आता खुशाल मोठ्याने हो म्हणायची.

शेवटी तानी आली. बी ओतून झाल्यावर तिने कमरेवर हात ठेवले. "आणि तू गे? तू किती ठेवलास?"

शुक्री पिंपाचं झाकण पुसू लागली. तिने याही वर्षी सगळंच ओतलं होतं. खोड कुठे जाते!

तानीने कपाळावर हात मारला. पिंपात दोन्ही हात घालून तिने ओंजळीओंजळीने बी काढलं, ओटीवर फतकल मारून पेंढ्यात बांधलं आणि मुडी शुक्रीच्या मांडीवर ठेवली. "सगळ्यांचा राखतीस," ती म्हणाली, "आणि तुझा कोणी राखायचा?"

शुक्रीने ती चुलीवर टांगली. गेल्या वर्षी ती आठ-आठ दिवसांनी पिंपाचं झाकण चाचपत बसायची, उघडायचा धीर मात्र व्हायचा नाही. या वर्षी तिने वैशाखापर्यंत त्याला हातही लावला नाही.