रिंगखालचा डोंगर

मी मेहकरच्या पंचायत समितीत कारकून आहे. पण ऑफिसातल्या लोकांच्या मते माझी खरी नेमणूक कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या फायली काढण्यासाठी झालेली आहे. सहा फूट तीन इंच. लग्नात मांडवाची झालर मी बांधायची, घरचे-शेजारचे पंखे मी पुसायचे, आणि दाराच्या चौकटींनी कपाळाची जी काय सेवा केली ती मुकाट्यानं सोसायची. हे सगळं मी हसून घेतो. पण एक वाक्य ऐकलं की माझी कानशिलं तापतात. 'उंच मानूस असला का ढाल आपलीच.'

या वाक्याचा उगम आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात भिंतीवर टांगलेला आहे. बास्केटबॉलची जिल्ह्याची ढाल आमच्या कॉलेजनं एकदाच जिंकली, तेव्हाचा तो फोटो. त्यात मागच्या रांगेत, बरोबर मध्यभागी, ढाल छातीशी धरून मी उभा आहे. दोन्ही बाजूंचे खेळाडू माझ्या खांद्याला जेमतेम लागतात. बघणाऱ्याला वाटतं, हा डोंगर होता म्हणून जिंकले.

त्या स्पर्धेत मी एक मिनिटसुद्धा धड खेळलो नव्हतो. पहिल्याच सामन्याच्या सुरुवातीला चेंडूकडे बघत उडी मारली आणि आपल्याच कॅप्टनच्या पायावर उतरलो. कॅप्टनला काही झालं नाही, माझा घोटा मुरगळला. पुढचे सगळे सामने मी आंबेहळदीचा लेप लावून बाकावर काढले. मी नसल्यामुळे ज्याच्याकडे चेंडू फेकायचा असं रिंगखाली कुणी उरलं नाही, म्हणून त्या बुटक्यांना नाइलाजानं पळावं लागलं. इतके पळाले की समोरच्यांची दमछाक झाली, आणि ढाल आली. फोटोग्राफर म्हणाला, "ए लंबू, तू मधात ये. ढाल त्याच्यापाशी द्या रे, नाहीतर दिसत नाही." एवढंच माझं योगदान. ढालीचं स्टँड.

हे मी लपवलेलं नाही. दिसेल त्याला सांगितलं. ऐकणारा दरवेळी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "पाहा, किती साधा मानूस आहे." खरं बोलून आपला मोठेपणा वाढत जाणं यासारखा चीड आणणारा प्रकार नाही. पुढे मी सांगणंच सोडलं. फोटो तिथंच राहिला.

आता माझ्या मुलीचं. नववीत जाईपर्यंत तिनं आईला मागे टाकलं आणि माझ्या खांद्याला लागली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिला चेंडूचं वेड. आमच्या अंगणात फरशी आहे. सकाळी दूध यायच्या आधी तिथं धप्-धप् सुरू व्हायचं. उजव्या हातानं, डाव्या हातानं, मान वर करून, चेंडूकडे न बघता. लहान होती तेव्हा मी अंगणात दात घासत उभा असलो की ती चेंडूसकट माझ्या दोन पायांमधून पलीकडे जायची. शेजारची काकू भिंतीवरून विचारायची, "पोरगी हाय का उखळ?" पोरीला एकच गोष्ट हवी होती. चेंडू आपल्या हातात घेऊन मैदान पार करायचं. बास्केट मारायची तिला फार हौस नव्हती. चेंडू आणायचा, कुणाला द्यायचा ते आपण ठरवायचं.

शाळेच्या टीममध्ये निवड झाली त्या दिवशी ती घरी आली आणि बूट कोपऱ्यात फेकले.

"बाबा, मले बॉलच देत नाहीत."

"काऊन?"

"मी उंच आहो म्हनून. सर म्हनतात, रिंगखाली उभी राहा, हात वर ठेव. बॉल आनाचं काम बुटक्या पोरींचं." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुमचा फोटो दाखवला सरांनी. मोबाइलमधी काढून आनला. म्हने, तुझ्या बापानं हेच केलं."

माझं डोकं फिरलं. खेळाचे सर माणूस वाईट नाहीत, हीच खरी अडचण. वाईट असते तर भांडता आलं असतं. माझ्याच कॉलेजात शिकलेले, उंचीला बेताचे, पोरींसाठी स्वतःच्या डब्यातून उकडलेली अंडी आणणारे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलं.

"सर, तिले बॉल आनू द्या. तिचा हात चांगला आहे."

"भाऊ, तुम्ही असं म्हनता? तुम्ही?"

"मी त्या साली बाकावर होतो. पायाले लेप लावून."

"तुमचा हाच स्वभाव मले आवडते."

"अहो, स्वभाव नाही, घोटा होता."

सर हसले. चहा बशीत ओतला. "हे पाहा भाऊ. टीव्हीवर पाहा, कोन्तीही मोठी टीम पाहा. रिंगखाली डोंगर लागतेच. बाकी सगळं भेटते. पळनाऱ्या पोरी दहा भेटतात. उंची शिकवता येत नाही."

"आन डोंगराले खेळाचं असलं तर?"

"डोंगर खेळत नसते भाऊ. डोंगर असते."

माझा चहा निवला. हा माणूस माझ्या पोरीबद्दल बोलत होता आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं. टेबल उलटवावंसं वाटलं, पण टेबल सिमेंटचं होतं. मग मी ते केलं जे मी रागात नेहमी करतो, म्हणजे मूर्खपणा. "पंधरा ऑगस्टले मी खेळतो," मी म्हणालो. "तुम्हीच पाहा, डोंगर कितीक कामाचा आहे."

पोरीच्या शाळेत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळेच्या पोरी आणि गावातले माजी खेळाडू यांचा सामना असतो. जुने खेळाडू पोटं आवरत उतरतात, पोरी त्यांना पळवून पळवून दमवतात, मग सगळे जिलेबी खातात. माझा बेत सोपा होता. रिंगखाली उभं राहायचं आणि जसा आहे तसा खेळायचं. कसलं नाटक करायची गरज नव्हती. मला खेळता येतच नाही. सर्वांसमोर एकदा ते दिसलं की विषय संपला.

पहिला पास आमच्याच माणसानं इतका जोरात टाकला की मी चुकवायला वाकलो. चेंडू माझ्या टाळूवर आपटला, वर गेला आणि रिंगमध्ये पडला. टाळ्या. मी पंचांना सांगायला गेलो की ही बास्केट धरू नका, तर समोरून एका पोरीनं मारलेला चेंडू माझ्या वर केलेल्या हाताला लागून परत फिरला. आणखी टाळ्या. मी बाजूला व्हायला बघत होतो, तर जिथं सरकत होतो तिथं चेंडू येत होता. जन्मात जे जमलं नाही ते त्या दिवशी, नको असताना, आपोआप होत होतं. माजी खेळाडू जिंकले. असं त्या शाळेत कधी झालं नव्हतं. सर माइकवरून म्हणाले, "पाहा पोरींनो, या वयात." आणि कुणीतरी माझ्या हातात ढाल नाही, पण जिलेबीचं ताट दिलं आणि फोटो काढला.

पोरगी माझ्यापुढे चार पावलं चालत घरी आली. दारात थांबून एकच वाक्य बोलली. "बाबा, तुम्हाले हरता बी येत नाही काय?"

बायको म्हणाली, "तुम्ही आता तिच्यासाठी काही करूच नका." मीही मग काही केलं नाही.

बुलडाण्याला जिल्ह्याची स्पर्धा होती. समोर मोताळ्याची टीम. सगळ्या पोरी चवळीच्या शेंगा, पण काय पळत होत्या. आमची टीम चेंडू घेऊन अर्ध्यापर्यंत यायची आणि तिथंच चेंडू गमावून बसायची. पलीकडे माझी पोरगी रिंगखाली हात वर करून उभी. तिच्यापर्यंत चेंडू येतच नव्हता. मी प्रेक्षकांत दातओठ खात बसलो होतो. शेवटच्या सत्रात आमची चेंडू आणणारी पोरगी पाच फाउल होऊन बाहेर गेली, आणि माझी पोरगी कुणाला न विचारता मागे आली. चेंडू घेतला आणि निघाली. अंगणात माझ्या पायांतून जायची तशी मोताळ्याच्या दोघींच्या मधून गेली. सर ओरडत होते, "जागा सोडू नको. जागेवर जा." तिनं ऐकलं नाही. मोठी पिछाडी होती, ती दोन गुणांवर आणली. मग वेळ संपली.

बसमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिनं जागा सोडली, म्हनून हरलो."

मी उठलो, आणि बसचं छत डोक्याला लागलं. कळ अशी आली की बोलायचं होतं ते विसरलो. पोरी हसल्या. आजही ते आठवलं की मला डोक्याची कळ आठवत नाही, सरांचं वाक्य आठवतं. सगळा सामना तिला उभं करून घालवला, तिनं एकटीनं तो परत ओढून आणला, आणि दोष तिचा. चेंडू तिच्याकडे असता तर काय झालं असतं, हे विचारायची त्या बसमध्ये कुणाला गरज वाटली नाही.

यंदा तिला चेंडू मिळाला. सरांचं मत बदललं नाही. हिवरा आश्रम गावाहून एक नवी पोरगी शाळेत आली, माझ्या पोरीहून बोटभर उंच. सर हरखले. "आता डोंगर भेटला," म्हणाले, आणि माझ्या पोरीला सांगितलं, "तू बॉल आन." एवढ्यासाठी मी टेबल उलटवायला निघालो होतो. तिचा हात, तिची नजर, पहाटेची धप्-धप्, यातलं काही कामी आलं नाही. कामी आलं दुसरीचं बोटभर.

तरी पोरगी खुशीत होती, म्हणून मी सराव बघायला गेलो. तिनं चेंडू घेतला, मान वर केली, मैदान पार केलं. बघत राहावं असं. नवी पोरगी चेंडू मागायला पुढे आली तशी माझी लेक ओरडली, "पुढं येऊ नको बे. तिथंच उभी राहा. हात वर कर."

घरी येताना मी विचारलं, "तिले खेळाचं नसन काय?"

"असन ना."

"मग?"

तिनं चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "जिंकाचं असन तर कोनीतरी उभं राहाच लागते, बाबा. मोताळ्याच्या पोरी पुढच्या फेरीत हरल्या. त्याइच्यापाशी उंच कोनी नव्हती." थोडं चालून म्हणाली, "गेल्या वर्षी सर म्हने ते चूक नव्हतं. मले नको होतं, एवढंच."

संताप सरांवर करायचा की तिच्यावर, हे मला ठरवता येईना, आणि ती चूक बोलली असंही छातीठोक म्हणता येईना. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "काय झालं? भांडण करून आले काय कोनाशी?"

"नाही," मी म्हणालो. "कोनाशी करू, तेच समजून नाही राह्यलं."

पोरगी खाली मान घालून जेवत होती. तिनं आणखी एक भाकर मागून घेतली.