हेन्कने दोरी बांधली होती

विमान खाली येऊ लागलं, खिडकीतून नेदरलँड्सची पट्ट्यापट्ट्यांची शेतं दिसली आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. शेजारच्या बाईंना वाटलं, म्हातारा उतरायला घाबरतोय. त्यांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली. ती चोखत मी खाली पाहत राहिलो. विमानाची भीती मला कधी वाटली नाही. त्या सपाट मुलखात कुठेतरी हेन्क राहत होता, भीती त्याची होती.

काही वर्षांपूर्वी सांगलीच्या एका दिवाळी अंकात मी इंग्लंडमधल्या माझ्या एका हंगामाविषयी लिहिलं होतं. पुष्कळांनी कौतुक केलं. त्यातली मुख्य हकीकत खोटी आहे.

ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तरुणपणी मी इंग्लंडमध्ये मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. तिथे स्पीडवे नावाच्या शर्यतींचं वेड आहे. लंबगोल मैदान, त्यावर तांबडी भुकटी, चार स्वार, चार फेऱ्या. गाडीला ब्रेक नसतो. वळणावर स्वार मागचं चाक घसरवत, डावा पाय जमिनीवर टेकवत जातो. वसंतापासून शरद ऋतूपर्यंत लीगचे सामने चालत. शुक्रवारी आमच्या मैदानावर, बाकीचे दिवस व्हॅनमधून दुसऱ्यांच्या गावी. इंजिनात वंगण म्हणून एरंडेल घालत, त्याचा वास माझ्या उशीलाही यायचा. लीगच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या एका संघात हेन्क नावाचा डच स्वार होता आणि एका हंगामापुरता मी त्याचा मेकॅनिक होतो.

स्वाराच्या उजव्या मनगटाला पट्टा असतो. त्याची दोरी हँडलवरच्या एका खिळीला जोडलेली असते. स्वार पडला की खिळी उपसते आणि इंजिन बंद होतं. ऑगस्टमधल्या एका दुपारी हेन्क पडला, पण इंजिन बंद झालं नाही. मागून येणाऱ्या टेरीने, म्हणजे आमच्याच संघातल्या स्वाराने, त्याला वाचवायला आपली गाडी आडवी घातली. हेन्कच्या गाडीचं फिरतं चाक टेरीच्या पायावर चढलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हेन्क दोरी बांधायला विसरला, असं मी लिहिलं होतं. चौकशीतही मी तेच सांगितलं होतं. हेन्कच्या डोक्याला मार बसला होता, त्याला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं.

आमची मुलगी मेधा आणि जावई निखिल आइंडहोवनला असतात. दोघंही चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतात. त्यांच्या घरी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी जेवताना मेधा म्हणाली, “बाबा, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे. तुमचा हेन्क सापडला!”

“कुठला हेन्क?”

“कुठला काय! दोरी विसरणारा हेन्क. मी सायकलला कुलूप लावायला विसरले की तुम्ही ओरडायचात ना, ‘हेन्क झालीस का?’ उत्तरेला ड्रेन्थ भागात त्यांचा क्लब आहे. रविवारी जुन्या स्वारांचा मेळावा असतो. मी मेल केला, त्यांनी आपल्याला बोलावलंय.”

निखिल हसत म्हणाला, “बाबा, खूश नाही वाटत तुम्ही.”

“आहे की,” मी म्हणालो आणि आमटीत जास्तीचा भात कालवला.

रविवारपर्यंतचे चार दिवस मी चालत काढले. पहिल्याच सकाळी विचारात फीट्सपाटवर (सायकलींसाठी राखलेली तांबडी वाट) शिरलो. मागून घंटी वाजली. मी चुकीच्या बाजूला सरकलो आणि एका बाईंची सायकल माझ्या कोपराला घासून गेली. त्या थांबल्या, डचमध्ये बरंच बोलल्या. मी “सॉरी, सॉरी” म्हणत राहिलो. मग त्यांनीच माझा हात धरून मला फुटपाथवर नेऊन सोडलं. कोपराचं काही नाही, पण घरी येऊन मी स्वेटर घालून बसलो. मेधाने विचारलं तर सांगितलं, थंडी वाजते. जून महिना होता.

रविवारी मेधा आणि मी सकाळीच निघालो. अडीच तासांचा रस्ता. गायी, पवनचक्क्या, पुन्हा गायी. एके ठिकाणी रस्ता कालव्याला लागून जातो आणि कालव्याचं पाणी रस्त्याच्या वर आहे. बांधाआडून एक नाव आमच्या डोक्यापेक्षा उंचावरून चालली होती. मेधाला त्यात नवल नव्हतं. मला मात्र सारखं वाटत होतं, हा बांध आत्ता फुटणार.

“गाडी थांबव जरा,” मी म्हणालो.

“बाबा, मळमळतंय का?”

“नाही. परत जाऊया का?”

“आता? ते काका वाट बघत असतील. इतकी वर्षं झाली, रडू बिडू येईल ते येऊ दे.”

मैदान शेतांच्या मधोमध होतं. लांबूनच इंजिनांचा आवाज आला आणि एरंडेलाचा तोच वास.

हेन्कला मी उंचीवरून ओळखलं. कानात यंत्र, भुवया पांढऱ्या, पण ताठ. त्याने मला उचलायचंच बाकी ठेवलं.

“श्री! तू अजून बुटकाच! आणि केस कुठे विसरून आलास?”

“तुझे तुझ्याकडे आहेत ना, बास,” मी म्हणालो. आम्ही दोघं इंग्रजीत बोलत होतो, त्या काळी बोलायचो तसंच मोडकंतोडकं.

त्याने आम्हाला ब्रोट्ये क्रोकेट (मऊ पावात घातलेला तळलेला मांसाचा वडा) खाऊ घातला, मेधाला शाकाहारी म्हणून चीजचा. “ही तुझी मुलगी? हुशार दिसते. आईवर गेली असणार.” मग घड्याळ बघून तो उठला. “चला, माझं काम दाखवतो.”

मैदानात जायच्या फाटकापाशी तो उभा राहिला. सरावाला निघालेला प्रत्येक स्वार त्याच्यासमोर थांबून उजवा हात पुढे करायचा. हेन्क मनगटावरचा पट्टा दोन बोटांनी ओढून बघायचा, मग दोरी, मग खिळी. मान हलवली की स्वार आत. एकही सुटला नाही.

“तीस वर्षं हेच करतो,” तो मला म्हणाला. “माझ्यासारखं पुन्हा कुणाचं होऊ नये.”

मेधा कौतुकाने फोटो काढत होती. मला वाटलं, आत्ता बोललो नाही तर मी हे तसंच घेऊन मरणार. आणि बोललो तर काय होईल ते मला दिसत नव्हतं.

“हेन्क, त्या दिवशी दोरी तुझ्या मनगटावर होती.”

त्याने कानातलं यंत्र नीट केलं. “इंजिनांमुळे ऐकू नाही आलं.”

मला तेच वाक्य पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं. मेधाचा मोबाइल खाली आला.

मग सगळं सांगितलं. त्या दुपारी आधीच्या शर्यतीत खिळी आपोआप निसटून त्याचं इंजिन बंद पडलं होतं. त्याने मला शिव्या घातल्या होत्या. पुढच्या शर्यतीआधी मी खिळीला काळी चिकटपट्टी गुंडाळली, त्याला न सांगता. तो पडला तेव्हा खिळी निघाली नाही, मनगटावरचा पट्टाच तुटला. गाडीपाशी सगळ्यांत आधी मी पोचलो. नखांनी चिकटपट्टी काढून खिशात घातली. दोरी नुसतीच लोंबत होती. पट्टा मी उचलून लपवला.

“का?”

“मला काढून टाकतील, घरी परत पाठवतील, अशी भीती वाटली.”

हेन्कने उजवी बाही वर केली आणि स्वतःचं मनगट बघितलं. “इथे वळ होता,” तो म्हणाला. “जांभळा. आठ दिवस. मी नर्सला म्हटलं, हा दोरीचा आहे. ती म्हणाली, पडताना लागलं असेल. पण तू सांगितलं होतंस की दोरी नव्हती. तू कशाला खोटं सांगशील?”

संघाने त्याला काढलं होतं. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. उरलेलं आयुष्य त्याने दुधाचा टँकर चालवला.

“टेरीला सांगितलंस?” त्याने विचारलं.

“नाही. तो कुठे असतो?”

“तीन वर्षांपूर्वी गेला. त्याने मला माफ केलं होतं, श्री. दर उन्हाळ्यात यायचा इथे. तुझी माफी मी घेऊन बसलो.”

तो मला मारेल असं वाटलं. त्याने हात वर केला, पण तो दंड धरायला. मला ओढतच त्याने कँटीनमध्ये नेलं. तीसेक म्हातारे कॉफी पीत बसले होते. “हे सगळे मला दोरी विसरलेला हेन्क म्हणून ओळखतात,” तो म्हणाला. “सांग यांना. मी भाषांतर करतो.”

मी एकेक वाक्य इंग्रजीत म्हणत गेलो आणि तो ते डचमध्ये सांगत गेला. त्याचा आवाज सपाट होता. “चिकटपट्टी मी लावली” या वाक्यावर तो थांबला, घोटभर पाणी प्यायला आणि मग ते वाक्य त्याने दोनदा सांगितलं. मी दाराकडे बघत होतो आणि दार फार लांब होतं.

निघताना त्याने मेधाचा हात हातात घेतला, माझा नाही. टेरीच्या बायकोचा, जीनचा, पत्ता एका कागदावर लिहून माझ्या खिशात कोंबला आणि मेलसाठी माझा पत्ता मागितला.

परतीच्या वाटेवर मेधाने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. मग म्हणाली, “मी शाळेत निबंध लिहिला होता त्याच्यावर, बाबा. निष्काळजीपणाचे परिणाम. तुम्ही वाचून सही केली होतीत.”

“हो.”

“सही करताना हात नाही थरथरला तुमचा?”

तिने पुढच्या पेट्रोल पंपावर मला चहा आणून दिला, स्वतः मात्र बाहेर उभी राहून प्यायली.

जीनला पत्र मी आइंडहोवनहूनच टाकलं. मला सांगलीला येऊन आता दोन महिने झाले, उत्तर नाही. मेधा फोन करते, आईशी बोलते, “बाबांना दे” आता सगळ्यात शेवटी म्हणते. या वयात मन हलकं होतं म्हणतात. माझं झालेलं नाही. फोनवर मेल आल्याची खूण दिसली की मी आधी वार बघतो, कारण दर सोमवारी हेन्कचा मेल येतो. त्यात नमस्कार नसतो, ख्यालीखुशाली नसते, एकच प्रश्न असतो. हरवलेला तो दिवस तो माझ्याकडून तुकड्यातुकड्याने परत घेतो आहे. पाऊस पडून गेला होता का? सकाळी मी काय खाल्लं? टेरी काही ओरडला का? आठवतं ते मी लिहितो. आठवत नाही तिथे तसं लिहितो, एक शब्दही मनाचा घालत नाही.

काल विचारलं होतं, “पडलो तेव्हा मी कितवा होतो?”

दिवसभर मी तो मेल उघडा ठेवून बसलो. मग लिहिलं, “पहिला. दोन गाड्यांच्या अंतराने पुढे.”