नर्सबाईंची वाटणी

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई रांगेच्या शेवटापासून सुरुवात करायच्या. "लांबून पायी येणारा शेवटीच पोचते. त्याले आधी पाहा," म्हणायच्या.

त्या यायच्या आधी सगळे फक्त डॉक्टरसाहेबांसाठी बसून असत. बाईंनी कामं वाटून दिली. कंपाउंडर वजन आणि बीपी घेई, तापाच्या माणसाचं रक्त आधीच तपासलं जाई, आशाताई घरोघरी जाऊन गोळ्या चालू आहेत का ते पाही. रोज सकाळी दहा मिनिटं सगळे व्हरांड्यात उभे राहून बोलत, झाडूवाल्या मावशीसुद्धा. साहेब एकदा हसून म्हणाले, "बाई, मग मी काय करू?"

"ज्याले तुमचीच गरज हाय, त्याले निवांत पाहा ना साहेब. बाकीच्यायसाठी आम्ही कायले आहो?"

माझ्या आईला बीपी होतं. आशाताई दर आठवड्याला घरी येई. पण आईला साहेबांपुढे जावंच लागत नसे, हे बाबांना टोचायचं. "मोठ्या लोकायले डाक्टर आन आमाले नर्स? काऊन?" गावात बऱ्याच जणांना तसंच वाटे. आम्हाला जिथं तिथं खालच्या माणसाकडेच धाडलं गेलं होतं, म्हणून तो राग मला खोटा वाटला नाही.

कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. बाबा म्हणाले, "लिव अर्ज." मी लिहिला. 'निष्काळजीपणा' हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता. अर्ज वजनदार दिसावा म्हणून मीच तो घातला. चौकशी त्याच शब्दावरून झाली आणि बाईंची बदली झाली.

मग पुन्हा सगळे साहेबांसाठी बसू लागले. आशाताईचं येणंही थांबलं. पाळी येईपर्यंत दुपार होई, मजुरी बुडे. आई जाईना. गोळ्या संपल्या त्या संपल्याच. एके दिवशी धान कापताना तिच्या हातातून विळा गळला. उजवा हात तेव्हापासून वर होत नाही.

पुढच्या वर्षी नवेगाव बांधच्या बाजारात बाई दिसल्या. माफी मागायची म्हणून जवळ गेलो. अर्ज कोणी लिहिला हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "काय रे, मायच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"हो बाई," मी म्हणालो.

"बरं झालं बापा. तिचीच मले लय काळजी होती."