काम चालू आहे

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दगड दळण्याच्या कारखान्यात मोटर चालवणारे मिस्त्री होते. सत्तावीस वर्षे त्यांनी एकच मोटर चालू केली आणि सत्तावीस वर्षे ते तिला भीत राहिले. हे मी चेष्टेने लिहीत नाही. त्या भीतीमुळेच मी आज जिवंत आहे.

मोटर तीनशे घोड्यांच्या ताकदीची होती. तिच्या शाफ्टला जोडलेले आडवे लोखंडी पिंप एवढे मोठे होते, की माणूस झाकणातून वाकून आत शिरे आणि आत गेल्यावर ताठ उभा राही. मोटरबरोबर ते पिंप फिरे आणि त्यात दगडाचे पीठ होई. मोटर चालू करताना भिंतीवरच्या पेटीचे हँडल एकेक घर पुढे सरकवावे लागे. घाई केली तर पेटीत भडका उडे. रेंगाळले तर तारा जळल्याचा वास येई. दाजींच्या वस्तादांनी एकदाच घाई केली होती. त्यांच्या भुवया पुन्हा उगवल्या नाहीत.

हँडल पहिल्या घरात गेले, की मोटर घशातल्या घशात गुरगुरे, दिवे मंद होत, पायाखालची फरशी थरथरे आणि मीटरचा काटा उजव्या टोकाला जाऊन आदळे. तो खाली येईपर्यंत दाजी श्वास घेत नसत. सदरा पाठीला चिकटे.

मी म्हणे, "दाजी, सोयरीक जुळवायला आमच्या वडिलांपुढे बसलात, तेव्हासुद्धा एवढे घामाघूम झाला नव्हता."

"सासरे तीनशे घोड्यांचे नव्हते रे, बारक्या."

मी सडपातळ म्हणून बारक्या, आणि म्हणूनच पिंपात उतरून आत बसलेला थर छिन्नीने काढण्याचे काम माझ्याकडे होते. मी तेव्हा पस्तिशीचा होतो.

हँडलला हात लावण्यापूर्वी दाजी न चुकता दोन गोष्टी करत. प्रथम शाफ्टवर तळहात ठेवत, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मोठ्याने ओरडत, "आत कोण आहे?" आणि तीसपर्यंत आकडे मोजत. शिवाय आमचा एक नियम होता. जो आत जाईल त्याने आपला रुमाल हँडलला बांधायचा आणि बाहेर आल्यावर ज्याचा त्यानेच सोडायचा. दुसऱ्याच्या रुमालाला कोणी बोट लावत नसे.

पुढे नवे साहेब आले. त्यांना कळकट रुमाल पसंत पडले नाहीत. त्यांनी पत्र्याची पांढरी पाटी रंगवून आणली. तिच्या दोन्ही बाजूंना काळी अक्षरे होती. त्यांनी आम्हा दोघांना विचारले, "वाचता येतं ना?"

दाजी म्हणाले, "म्हणजे काय, साहेब!" मीही मान डोलावली. खरे सांगायचे, तर आम्हा दोघांनाही अक्षर म्हणजे काळी मुंगी होती.

"मग आता ते ओरडणं बंद करा, मिस्त्री. पाटी आहे ना!"

चौथ्या दिवशी सकाळी दाजी कामावर येण्यापूर्वी साहेबांनी मला पिंपात पाठवले. पाटी माझ्या हाती देऊन म्हणाले, "ही बाजू पुढे." मी तशी ती हँडलला अडकवली, कानांत कापूस कोंबला आणि आत उतरलो. आत माझा दिवा होता, छिन्नी होती आणि माझ्याच श्वासाचा आवाज होता.

पुढचे मला दाजींनी नंतर सांगितले. ते आले. पाटी पाहिली. त्यांना सगळ्या भाषेतले दोनच शब्द आकारावरून ओळखू येत, कारण ते बटणांवर लिहिलेले असत. हिरव्यावर 'चालू', तांबड्यावर 'बंद'. पाटीवर मधोमध 'चालू' होते. त्यांनी अर्थ लावला, की साहेबांचा हुकूम आहे, मोटर चालू करा. त्यांनी पाटी काढून खाली ठेवली आणि हँडल धरले.

रुमाल नव्हता, ओरडायचे नव्हते. मग भीती ठेवायची कुठे? साहेब जवळ नाहीत असे पाहून ते ओरडले, "आत कोण आहे?" कापसामुळे मला ऐकू आले नाही. त्यांनी तीस मोजले. उत्तर नाही. तरी हँडल सरकवायला हात धजेना. म्हणून ते मागे आले आणि शाफ्टवर तळहात ठेवला.

लोखंड थंड होते. पण आतून काहीतरी ठोके मारत होते. टक्. टक्. थांबून पुन्हा टक्.

झाकणापाशी सावली पडली म्हणून मी वळलो, तर दाजी निम्मे आत आले होते आणि माझा पाय घट्ट धरून बसले होते. मी कापूस काढला.

"बारक्या, तू आहेस? तूच आहेस ना?"

"मी नाही तर कोण! पाय सोडा, दाजी."

त्यांनी सोडला नाही.

गलका ऐकून साहेब आले. जमिनीवरची पाटी उचलून त्यांनी वाचली, "काम चालू आहे." मग दाजींकडे पाहिले. "मिस्त्री, वाचता येतं म्हणालात!"

"येतं साहेब. 'चालू' एवढंच येतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मला तेवढंही येत नाही." त्यांचे ओठ पांढरे पडले.

त्या दिवशी मोटर दुपारी चालू झाली. दाजींनी मला समोर उभे केले, माझा रुमाल स्वतःच्या मुठीभोवती गुंडाळला, ओरडले आणि तीसऐवजी साठ मोजले. माझ्यावरची नजर काढल्याशिवाय हँडल सरकवता येईना आणि नजर काही निघेना. शेवटी मी म्हणालो, "मी इथेच आहे, काट्याकडे बघा." तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. दाजी निवृत्त होईपर्यंत रुमालाचा नियम राहिला. पाटी राहिली नाही.

ताईला आम्ही हे कधीच सांगितले नाही. नवऱ्याच्या हाताने भाऊ गेला असता, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे? दाजी ते सोबत घेऊन गेले. मी लिहून ठेवायला धजलो, कारण तिला वाचता येत नव्हते. पण ज्या प्रौढ वर्गात मी उतारवयात लिहायला-वाचायला शिकलो, तिथेच गेल्या महिन्यापासून तीही येऊ लागली आहे आणि परवाच तिने फळ्यावरचे 'चालू' अक्षर न अक्षर लावून वाचले. आता उद्या जाऊन मी तोंडीच सांगणार आहे. माझा तळहात आत्तापासूनच ओला झाला आहे.