हिरव्या चौकोनामागचा लाल

ती घटना आठवली की आजही माझे हात आपसूक खिशात जातात. आणि हे हात साधेसुधे नव्हेत. पोलिसात असताना मी टेबलावर थाप मारली की चाकण चौकातली कोंडी सुटायची. बायको म्हणते, कोंडी माझ्यामुळेच व्हायची. असो.

चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली एका तरुण कामगाराचा उजवा पंजा गेला. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद पडला होता. तिथं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या मशीनचा रिपोर्ट दिसतो. हिरवा चौकोन म्हणजे चालवा, लाल म्हणजे लांब राहा. त्या दिवशी चौकोन हिरवा होता.

ठाण्यात खबर घेऊन आला तो जखमीचा सख्खा मामा, त्याच लाइनचा सुपरवायझर. "सायेब, रिपोर्टवाल्या मॅडमनी घात केला. भाच्याला मीच कामाला लावला वो. बहिणीला काय तोंड दावू?" असा रडला की लॉकअपमधला सराईत पाकीटमारही डोळे पुसू लागला.

पडद्यावरचा रिपोर्ट भरणारी ती पिंपळे गुरवची इंजिनिअर चौकशीला आली. बाहेर जमाव तिच्या अटकेसाठी ओरडत होता.

"मी सकाळीच तो चौकोन लाल केला होता, साहेब."

"मग हिरवा कुणी केला? गणपतीनं?"

"माझं लॉगिन कंपनीनं बंद केलंय. तुम्ही फाइलच्या जुन्या आवृत्त्या उघडायला लावा. वर काहीही केलं तरी आधीची आत राहते."

हे मला चटकन पटलं. आमच्या ठाणे दैनंदिनीचा तोच कायदा. चुकलेली नोंद पुसायची नाही, पुढं नवी करायची.

तिला घेऊन कंपनीत गेलो आणि तिथल्या कम्प्युटरवाल्याला पंचांसमोर फाइल उघडायला लावली. तिची लाल आवृत्ती होती! पण शिफ्ट सुरू होण्याआधी कुणीतरी आदल्या दिवशीची हिरवी आवृत्ती परत वर आणून ठेवली होती. आयडी मामाचा.

मामा म्हणाला, "पासवर्ड समद्यांना ठावं हाय. मी प्रेसवाला गडी, मला कम्प्युटरातलं काय बी कळत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. "मेलो राव! मॅडमला आत घालायचं तर जुना रिपोर्ट पडद्यावर आणून दाखवावा लागेल. आमच्या एकाही गड्याला जमेना."

"अवो, त्यात काय? सरका." मामानं माऊस घेतला. "हितं जुन्या आवृत्त्या. ही निवडायची, आन् हे बटण..."

बटण दाबायच्या आत मी त्याचं मनगट धरलं. तेव्हा कुठं त्याला कळलं.

यादी मी खाली सरकवत गेलो. आज या मशीनचा लाल, उद्या त्या मशीनचा. प्रत्येक लालवर मामाचा हिरवा. मागं उभी इंजिनिअर पुटपुटली, "मला वाटायचं, दुरुस्ती झाली म्हणून हिरवं झालं."

"लाल दिसला की पोरं मशीन बंद करायची, सायेब. लाइन थांबली की वरून शिव्या," मामा म्हणाला. "आजवर काय बी झालं नव्हतं."

पिंपरी कॅम्पात खाकरलो तर वाकडच्या टॉवरमधली पोरं जागी व्हायची, असा माझा आवाज. तो फुटेना. खोटं बोलणारे मी ट्रकभर पाहिलेत; समोर कोण आहे ते बघून प्रत्येक जण खोटं बोलतो. या माणसानं खोटं भिंतीवर टांगलं, आणि ते वाचणाऱ्यांत आपला भाचाही आहे हे विसरला. तेव्हापासून "आजवर काही झालं नाही" हे वाक्य मी कबुलीजबाब म्हणूनच ऐकतो.

इंजिनिअर सुटली. मी पिंपरीच्या रुग्णालयात भाच्याचा जबाब घ्यायला गेलो. मामाचं त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"सेन्सर बघितला नाहीस का रे?"

"पडदा बघितला ना, साहेब. मामानं पहिल्याच दिवशी शिकवलंय. हिरवं दिसल्याबिगर आत हात घालायचा न्हाई."

ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली सही करायला त्यानं सवयीनं उजवा हात पुढं केला.